खास लेन्स, अश्रू आणि पापणी

भिलाईत आमच्या सेक्टरमधल्या एका मुलाला केराटोकोनस निघाला. या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. मग चष्म्याने नीट दिसत नाही, खास लेन्स लागते. त्याच्या आईने मला विचारलं, "काका, लेन्समुळे डोळ्यातलं पाणी आटतं का हो?" मी फौजेतला माणूस, डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते सांगतो.

डोळ्यावर अश्रूंचा अगदी पातळ थर असतो. पाणी अश्रुग्रंथी देतात. त्यावरची तेलाची साय पापणीच्या कडेच्या ग्रंथी देतात, म्हणून पाणी लवकर उडत नाही. हे सगळं पसरवते पापणी, मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी तिला प्राणवायू मुख्यतः हवेतून, या अश्रूंमधूनच मिळतो.

लेन्स घातली की या थराचे दोन भाग होतात, एक लेन्सच्या वर आणि एक खाली. वरचा भाग पातळ होतो, तेलाची साय विस्कटते आणि पाणी लवकर उडतं. म्हणजे विहीर आटत नाही, पण उपसलेलं पाणी टिकत नाही. शिवाय वर्षानुवर्षं लेन्स वापरल्यावर कॉर्नियाची संवेदना थोडी बोथट होऊ शकते. पाणी सोडायचा आणि पापणी मिटायचा निरोप तिथूनच मेंदूकडे जातो.

आता प्रकार पाहू. छोटी कडक लेन्स साधारण ९-१० मिलिमीटरची. पापणी लवली की ती किंचित सरकते आणि खाली ताजे अश्रू जातात. पण तिची कड पापणीला टोचते, म्हणून माणूस नकळत अर्धीच पापणी मिटू लागतो. मग लेन्सच्या दोन्ही बाजूंना डोळा कोरडा आणि लाल होतो.

स्क्लेरल लेन्स मोठी, १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवत नाही. मधल्या जागेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन भरतात, त्यामुळे कॉर्निया दिवसभर ओली राहते. म्हणूनच फार कोरड्या डोळ्यांसाठीही ती देतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत अशा लेन्स बसवतात. मात्र हिच्याखाली अश्रूंची अदलाबदल फार थोडी होते. काही तासांनी धूसर दिसू लागलं, तर लेन्स काढून, धुऊन, नवं सलाइन भरावं लागतं.

आपल्याकडे मे महिन्यातली लू, धूळ आणि कूलरचा झोत असतो. त्यात मोबाइल पाहताना पापणी कमी लवते, तीही अर्धवट. म्हणून ही कवायत करा: दर २० मिनिटांनी डोळे पूर्ण मिटा, दोन आकडे मोजा, उघडा, असं दहा वेळा.

लेन्स घेण्याआधी अश्रूंची तपासणी करून घ्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ती ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर डोळा बराच कोरडा समजतात. लेन्सला नळाचं पाणी कधीही लावू नका, त्यातल्या अकँथअमिबा या जंतूने दृष्टी जाऊ शकते. डोळे चोळू नका. डोळा दुखला, लाल झाला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!