वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

गेल्या भागानंतर एका ताईंचा निरोप आला. श्रावणभर एक वेळ जेवून त्यांनी पाच किलो वजन उतरवलं. घरचे म्हणतात, छान बारीक झालीस. पण ताई लिहितात, "जिना चढताना मांड्या थरथरतात आणि पोट आहे तिथंच आहे. पोटाचे व्यायाम वाढवू का?"

ताई, पोटाच्या व्यायामाकडे नंतर येते. आधी त्या पाच किलोंकडे बघू. वजनकाटा हाडं, स्नायू, पाणी, चरबी, आतड्यातलं अन्न असं सगळं एकत्र मोजतो. त्यातलं काय गेलं, हे त्याला सांगता येत नाही.

सगळ्यात आधी जातं ते पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण तोडलं की हा साठा वापरला जातो, पाणी निघून जातं आणि पहिल्या आठवड्यातच काटा दीड-दोन किलो खाली येतो. आपण खूश! मग चार दिवस नीट जेवलं की वजन परत, आणि आपण म्हणतो, "मला तर नुसतं पाणीसुद्धा लागतं हो."

घामाचंही तेच. पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणारे लोक सकाळी बागेत दिसतात ना? त्यांचा घाम दोन तांब्ये पाणी प्यायलं की भरून निघतो. मग चरबी जाते कुठे? 2014 साली रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब मांडला होता. 10 किलो चरबी पूर्ण जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. (म्हणून नुसतं जोरजोरात श्वास घेत बसू नका, त्यानं चक्कर येईल.)

आता पोटाचे व्यायाम. त्यांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यांच्यावरची चरबी तिथल्या तिथे वितळत नाही. शरीर चरबी काढतं ते सगळीकडून, आणि आधी कुठून काढायची हे आपल्याला विचारून ठरवत नाही. 1971 साली टेनिसपटूंचे हात मोजले होते. ज्या हातानं ते वर्षानुवर्षं खेळले त्यात स्नायू जास्त होते, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांत जवळपास सारखीच!

ताईंच्या बाबतीत मला खरी काळजी आहे ती स्नायूंची. उपासाचं ताट आठवून बघा: साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाट्याची भाजी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शेंगदाण्याच्या कुटातून काय प्रथिनं मिळतील तेवढीच. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या बाईला 50 ग्रॅम. एका अंड्यात सहा असतात. पातळ आमटीची एक वाटी त्याच्याही खाली राहते. खाणं कमी, प्रथिनं कमी आणि ताकदीचा व्यायाम शून्य, असं असलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं.

आपल्याकडे हे जास्त महागात पडतं, कारण मुळात आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये चक्क स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के! काट्यावर दोघं सारखेच. बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह कसा झाला, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

तर ताई, दोन्ही वेळा जेवा. दही, उसळ, पिठलं, चालत असेल तर अंडी, यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत असू दे. भात थोडा कमी करा, बंद नको. चालणं चालू ठेवा. आठवड्यातून किमान दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबशा, भिंतीला हात लावून पुशअप आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं एवढं करा. वजनं उचलून बायकांचं अंग पुरुषी होतं ही भीती सोडा, तेवढे स्नायू कमवायला पैलवानांची आयुष्यं जातात. आणि मांड्या थरथरतात म्हणताय, तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले उपास करूच नयेत.

काट्याऐवजी शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडे बायकांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी.

पुढच्या भागात बोलू गरम पाणी, लिंबू आणि मधाबद्दल. तोवर एवढंच सांगते, एक मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी.