जुन्या छपराची पारख आणि ठेकेदाराशी करावयाचा ठराव

तापीकाठच्या काळ्या जमिनीपासून सातपुड्यातील धडगाव आणि तोरणमाळपर्यंत पसरलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या सीमावर्ती भूभागात, घराच्या छपराला वर्षभरात दोन टोकांच्या ऋतूंना तोंड द्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा लाकूड आकसते, पत्रा ताणला जातो, स्लॅबला बारीक चिरा पडतात. आणि त्याच चिरांमध्ये, फटींमध्ये जून महिन्यापासून पाणी शिरू लागते. ही झीज इतकी हळू होते की छप्पर गळू लागेपर्यंत घरातील कोणाचेच तिकडे लक्ष जात नाही, आणि गळू लागल्यावर घाईघाईने ज्या ठेकेदाराला बोलावले जाते, तो दुखणे कोठे आहे हे पाहण्याआधीच उपायाचा भाव सांगून मोकळा होतो. छपराची तपासणी आणि छपराची दुरुस्ती ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले काम नीट झाल्याशिवाय दुसऱ्याचा ठराव करू नये, ही एक गोष्ट घरमालकांनी पाळली तरी त्यांचा निम्माअधिक वायफळ खर्च वाचू शकेल.

जिल्ह्यात छपरांचे मुख्यतः चार प्रकार आढळतात. खानदेशातील जुन्या गावठाणांत अजूनही काही धाब्याची घरे उभी आहेत. धाबे म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काड्या अंथरून त्यावर चोपून बसवलेल्या मातीच्या जाड थराचे सपाट छत. नवापूर, अक्कलकुवा, तळोदा या वनांच्या पट्ट्यात सागाच्या लाकडावर उभारलेली कौलारू घरे आहेत, ज्यांत काही ठिकाणी हाताने थापलेली देशी कौले आणि काही ठिकाणी साच्यातील मंगलोरी कौले दिसतात. मंगळूरजवळ जेप्पू येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये ज्या धर्तीच्या कौलांचा कारखाना सुरू केला, तीच पुढे पश्चिम भारतभर पसरली. तिसरा प्रकार पत्र्यांचा, त्यात लोखंडी आणि सिमेंटचे असे दोन पोटभेद. आणि चौथा स्लॅबचा. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेतील सुरुवातीची घरकुलेही आता डागडुजीच्या वयाला आलेली आहेत.

कामाची वेळ हा येथे तांत्रिक बाबींइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आणि बांधकामाच्या मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि सातपुड्यातील सर्वांत मोठा सण असलेल्या होळीला गावी परततात; त्यामुळे होळी ते आखाजी, म्हणजेच अक्षय्य तृतीया, या दरम्यान गवंडी, सुतार आणि बिगारी ही माणसे तुलनेने सहज मिळतात, लाकूड कोरडे असते आणि वर चढणेही सुरक्षित असते. शाकारणी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा रचण्याचे काम, पूर्वी याच सुमारास होत असे. मृग नक्षत्र तोंडावर आले की मात्र सारे गाव एकाच मिस्त्रीच्या मागे लागते, मजुरी चढते आणि कामात घाई शिरते. गळतीच्या खुणा मात्र पावसातच दिसतात, म्हणून ज्या वर्षी काम करावयाचे त्याच्या आधीच्या पावसाळ्यातच छताच्या आतल्या बाजूला जिथे जिथे थेंब पडतो तिथे खडूने वर्तुळ करून तारीख टाकून ठेवणे, किंवा मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवणे, हे तपासणीचे पहिले पाऊल ठरते.

थेंब जिथे पडतो तिथेच छप्पर फुटलेले असते असे मात्र मुळीच नाही. कौलारू घरात पाणी आढ्याजवळच्या फटीतून आत येते, वाशाच्या खालच्या कडेला धरून दोन-तीन हात उताराने वाहत जाते आणि एखाद्या रिपेच्या सांध्यावर अडून तेथे टपकते. आढे म्हणजे दोन पाखी जिथे मिळतात तो माथ्याचा आडवा लाकडी वासा, आणि रिपा म्हणजे ज्यांच्यावर कौले टेकतात त्या पातळ आडव्या पट्ट्या. स्लॅबमध्येही पाणी एका चिरेतून शिरून आतल्या सळईच्या कडेने सरकते आणि भलत्याच खोलीत ओल दाखवते. ओल दिसली त्याच जागी वरून सिमेंटचा लेप फासणारा कारागीर म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावा लागतो.

कौलारू छपराची पारख खालून सुरू करावी. भिंतीत रुतलेली तुळयांची टोके आणि वळचणीची, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेची, लाकडे या दोन ठिकाणी सडणे आणि उधई लागणे सर्वांत आधी होते, कारण तेथे ओल टिकते आणि वारा खेळत नाही. अणकुचीदार सळई लाकडात जोर न लावता बोटभर शिरली, किंवा लाकडावर ठोकले असता भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला, तर तो वासा बदलावा लागतो; वरून कौले कितीही नवी घातली तरी त्याचा उपयोग होत नाही. त्यानंतर दुरून, घरासमोर उभे राहून, आढ्याची रेषा पाहावी: ती मध्ये वाकलेली दिसत असेल तर दोष कौलांत नसून सांगाड्यात आहे. कौल स्वतः तपासण्याची रीत अगदी सोपी आहे. ते हातात अधांतरी धरून बोटाच्या पेराने किंवा दुसऱ्या कौलाच्या कडेने ठोकावे. नीट भाजलेले, अखंड कौल खणखणते, तर कच्चे किंवा आतून तडकलेले कौल बद्द वाजते. जुन्या घरांची कौले उतरवताना या कसोटीने निवड केली तर त्यांतील बरीचशी पुन्हा वापरता येतात, आणि ही गोष्ट ठेकेदाराशी बोलणी करताना आधीच ठरवून घेतली पाहिजे, कारण उतरवलेला माल आणि जुने सागवान कोणाचे याबद्दलचे वाद नंतर हमखास होतात.

कौले काढून त्या जागी पत्रे टाकावेत असा सल्ला आजकाल सर्रास दिला जातो. माकडे कौले फोडतात, शाकारणी जाणणारी माणसे कमी झाली आहेत आणि पत्र्याचे काम दोन दिवसांत उरकते, ही त्यामागची कारणे खरी आहेत. तरीही उन्हाळ्यात तापणाऱ्या या जिल्ह्यात, छताखाली कोणतेही अस्तर न देता टाकलेला लोखंडी पत्रा घराला दुपारी राहण्याजोगे ठेवत नाही. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर आणि गरम हवा बाहेर पडते, ती सोय पत्र्यात राहत नाही. सांगाडा धड असेल तर कौलांची दुरुस्ती हाच बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

पत्र्याचे छप्पर करावयाचेच असेल तर दोन गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात. पहिली पत्र्याची जाडी आणि जस्ताच्या लेपाचे प्रमाण, जे नामांकित मालाच्या पत्र्यावर छापलेले असते. ठरावात लिहिलेली जाडी आणि प्रत्यक्ष आलेल्या मालावरची जाडी जुळते की नाही हे पत्रे वर चढण्यापूर्वीच पाहावे लागते. दुसरी गोष्ट पत्र्यांच्या जोडणीची. नालीदार पत्र्यात खिळा किंवा जे-बोल्ट, म्हणजे खालच्या लोखंडी पट्टीला अडकणारा आकडा, नालीच्या उंच भागावर मारावा लागतो, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. आणि त्याखालचा वायसर उन्हाने तडकलेला असेल तर बाकी पत्रा नवाकोरा असूनही तेथून गळती सुरू होते. पावसाळी वारा प्रामुख्याने नैऋत्येकडून येत असल्याने पत्रे पूर्वेकडील टोकापासून घालत यावे, म्हणजे एकावर एक आलेल्या कडा वाऱ्याकडे पाठ करून राहतात आणि त्यांत झोत शिरत नाही. वळवाच्या वादळात पत्रे उडण्याच्या घटना येथे दर उन्हाळ्यात घडतात, आणि त्या बहुधा वळचणीच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतात. म्हणून कडेच्या ओळीत मधल्या भागापेक्षा बोल्ट जवळजवळ मारण्याचा आग्रह धरावा.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांच्या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत. अखंड पत्रा जागच्या जागी असताना धोका कमी असतो, पण तो फोडताना, करवतीने किंवा ग्राइंडरने कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. असे पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अखंड खाली उतरवावेत, कामगारांनी तोंडावर साधा रुमाल न बांधता बारीक धूळ रोखणारा मास्क लावावा आणि तुकडे अंगणात किंवा शेताच्या बांधावर टाकू नयेत. हे पत्रे जुने झाले की ठिसूळ होतात आणि माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतात, त्यामुळे त्यांच्यावर आडव्या फळ्या टाकूनच चालले पाहिजे. वर चढणाऱ्या मजुराच्या कमरेला दोर आणि पट्टा असणे ही केवळ ठेकेदाराची बाब समजून घरमालकाने त्याकडे डोळेझाक करू नये. तो मजूर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला आहे का, हेही विचारून घ्यावे.

स्लॅबची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे दोष डोळ्यांआड वाढतो. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. वर्षानुवर्षे हे घडून चिरा पडतात, त्यांतून पाणी सळईपर्यंत पोहोचते, आणि गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने ते खालचे काँक्रीट ढकलून पाडते. सळईवर काँक्रीटचे किती आवरण असावे याचा किमान आकडा आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात सौम्य हवामानासाठी २० मिलिमीटर असा दिलेला आहे, पण जुन्या घरकुलांमध्ये सळई जेमतेम झाकलेली दिसते. छताच्या खालच्या बाजूला हातोडीने हलकेच ठोकत गेल्यास जिथे पोकळ आवाज येतो तिथे काँक्रीट सुटलेले आहे असे समजावे. असा भाग मोठा असेल तर काम गवंड्याच्या हातचे राहत नाही आणि स्थापत्य अभियंत्याकडून लेखी अहवाल घेणे भाग असते. त्याची फी दुरुस्तीच्या एकूण खर्चाच्या तुलनेत किरकोळ असते, आणि अहवाल देणाऱ्याला पुढच्या कामाचा ठेका मिळणार नसल्याने त्याच्या सल्ल्यात स्वार्थ नसतो.

गळक्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे. तो चांगला उपाय आहे, परंतु १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलोपर्यंत भरते, आणि जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवणारे कारागीर या वजनाचा विचार करत नाहीत. जुना थर उकरून काढणे हे काम ठरावात स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलसर वाट करणे, पाणी बाहेर नेणाऱ्या नळाच्या तोंडाभोवतीचा भाग मजबूत करणे आणि गच्चीला नळाकडे किमान शंभरास एक असा ढाळ देणे, या तीन जागांवर कामाचे यश अवलंबून असते. काम झाल्यावर नळाचे तोंड बंद करून गच्चीवर दोन-तीन बोटे पाणी ४८ तास साठवून ठेवावे आणि खाली ओल उतरते का ते पाहावे. ही चाचणी ठेकेदाराच्या समक्ष व्हावी आणि ती पार पडल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.

मोजमाप ही भांडणाची दुसरी जागा. उतरत्या छपराचे क्षेत्र जमिनीवरच्या घराच्या क्षेत्राहून मोठे असते. ३० अंशांच्या ढाळात ६०० चौरस फूट घराचे छप्पर सुमारे ६९० चौरस फूट भरते, आणि त्यात वळचणीचा भाग वेगळा मिळवावा लागतो. ठेकेदार उताराने मोजतो तर त्यात गैर काही नाही, पण दर कोणत्या मापाला लागू आहे हे आधी ठरलेले असले पाहिजे. उक्त्या कामात, म्हणजे सर्व मिळून एक रक्कम ठरवलेल्या कामात, माल हलका वापरण्याचा मोह असतो आणि रोजंदारीत काम रेंगाळते. मधला मार्ग असा की साहित्य घरमालकाने स्वतः आणावे आणि मजुरी चौरस फुटावर ठरवावी. दर वाजवी आहे का हे पडताळण्यासाठी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उपयोगी पडते. आगाऊ रक्कम आवारात येऊन पडलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू नये, आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा पहिल्या दमदार पावसापर्यंत राखून ठेवण्याची अट चांगला ठेकेदार सहसा नाकारत नाही. गावातच राहणारा, ज्याने मागच्या दोन-तीन पावसाळ्यांत केलेली कामे जाऊन पाहता येतात असा मिस्त्री बाहेरून आलेल्या स्वस्त टोळीपेक्षा अधिक भरवशाचा असतो. घरकुल योजनेतील ग्रामीण गवंडी प्रशिक्षण घेतलेल्या कारागिरांची चौकशी पंचायत समितीत करता येते.

वादळाने छप्पर गेले असेल तर दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि छायाचित्रे काढावीत, कारण नुकसानभरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो. काम निकृष्ट निघाले आणि ठेकेदार फिरकेनासा झाला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये घर बांधकामाची सेवाही ग्राहक तक्रारीच्या कक्षेत येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. नवापूरसारख्या सीमेवरच्या तालुक्यात, जिथे ठेकेदार अनेकदा गुजरातमधील उच्छल किंवा सोनगढकडून येतो, या कायद्यातील आणखी एक तरतूद विशेष कामाची आहे: तक्रारदार स्वतः जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार नेता येते, त्यासाठी ठेकेदाराच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मात्र त्यासाठी सही केलेला ठराव, मालाची बिले आणि पैसे बँकेतून दिल्याच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात.