तीनशे तेरा मीटरचा ट्रक

युरोपच्या रस्त्यांवर सेमीट्रेलर जोडलेल्या ट्रकची कमाल लांबी सहसा साडेसोळा मीटर. उंची चार मीटर, आणि माल भरल्यावर एकूण वजन साधारण ४० टन. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या गेममध्येही ट्रक एवढाच आहे. पण तो ज्या युरोपातून धावतो, तो मात्र १९ पटींनी आखडलेला आहे. आता तो आखडलेला नकाशा खऱ्या युरोपाएवढा ताणा आणि सोबत ट्रकही ताणा. लांबी ३१३ मीटर होते, उंची ७६ मीटर. पॅरिसचा आयफेल टॉवर आडवा घातला तर ३३० मीटर भरतो. वजन तिन्ही अंगांनी वाढणार, म्हणून तिथे १९ चा घन घ्यायचा, म्हणजे ६,८५९ पट. ४० टनांचे होतात पावणेतीन लाख टन!

एवढं धूड घेऊन माणूस तासन्‌तास हिंडतो आणि त्याला याचा पत्ताही लागत नाही. तो का लागत नाही, यातच मला या साऱ्या खेळांची खरी गंमत दिसते. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीने २०१२ मध्ये हा गेम आणला आणि त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. त्यातली युक्ती अशी: अंतर १९ पट कमी केलं आणि त्याच मापाने घड्याळ १९ पट पळवलं. त्यामुळे काट्यावरचा ८०चा वेग ८०च राहतो आणि हिशेब कुठेच चुकत नाही. बर्लिन ते पॅरिस खरं अंतर साधारण १,०५० किलोमीटर. १९ने भागलं तर उरतात ५५. ताशी ८०ने ते ४१ मिनिटांत संपतं, पण गेमच्या घड्याळात तेवढ्यात १३ तास सरतात, म्हणजे खऱ्या रस्त्याला लागतात तेवढेच. महामार्गावर एक अख्खी रात्र आणि दिवस मिळून ७६ मिनिटांत उरकतात. ड्रायव्हरला झोप अनावर होते, डोळे मिटू लागतात, गाडी कडेला घेऊन झोपावं लागतं. खेळणाऱ्याला तोवर जांभईही आलेली नसते.

क्षेत्रफळाचं गणित तर आणखी चक्रावणारं. लांबी १९ पट कमी, रुंदीही १९ पट कमी, म्हणजे दोन शहरांमधली ३६१ एकर जमीन या नकाशावर एका एकरात बसवायची. मग काय ठेवायचं आणि काय गाळायचं? एखादा टोलनाका, एक पूल, डोंगराचं एक वळण, पवनचक्क्यांची एक रांग. ३६० एकर टाकून दिल्यावरही खेळणाऱ्याला आपण जर्मनीतून जातोय असंच वाटलं पाहिजे. नकाशा बनवणाऱ्यांच्या या निवडीला मी मोठी कारागिरी मानतो.

शहराची वेस आली की घड्याळ एकदम मंदावतं आणि फक्त तिप्पट चालतं. माल उतरवायच्या आवारात शिरल्यावर तर घड्याळाकडे लक्षच जात नाही, कारण तिथे जे करायचं असतं त्यात काहीच आखडता येत नाही. साडेतेरा मीटरचा ट्रेलर रिव्हर्स घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या फटीत बसवायचा. स्टेअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलरचं मागचं टोक उजवीकडे सरकतं. तेही लगेच नाही, जरा थांबून. आरशात ते सरकताना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ट्रक आणि ट्रेलर एकमेकांवर दुमडतात आणि पुन्हा पुढे काढून सगळं पहिल्यापासून. बाजूला उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे, बस्स!’ म्हणणारा क्लीनर इथे नाही. दोन आरसे आणि आपला अंदाज. अवघड जागा नको असेल तर गेम सोपी जागा देतो. पार्किंग टाळून तसंच पुढे जायचीही मुभा असते. पुष्कळ लोक अवघडच जागा निवडतात, आणि का निवडतात ते एकदा ट्रेलर सरळ रेषेत आत गेला की कळतं. देशच्या देश लहान केले तरी चालतं, पण हाताखालच्या यंत्राचा जडपणा तोळाभरही कमी करून चालत नाही.

शेतीच्या गेमचंही हेच. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरने २००८ मध्ये सुरू केला. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत वर्ष बारा दिवसांचं ठेवता येतं, दर महिन्याला एक दिवस. पण नांगराचा फाळ जमिनीत उतरल्यावर ट्रॅक्टर दमतो तो दमतोच. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीच्या पहिल्या आठवड्यात २० लाख प्रती गेल्या. स्वित्झर्लंडमधले खरे शेतीव्यवसाय ५० हजारांच्याही आत आहेत. आपल्याकडच्या पोरांना तर हे वेड फोनवरच लागलं. इंडोनेशियाच्या मालेओ कंपनीचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ दहा कोटींहून जास्त वेळा उतरवला गेला आहे, आणि त्यात हौशी मंडळींनी रंगवून घातलेली आपली एसटीही धावते.

काहीच लहान न करणारी मंडळीही आहेत. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’च्या २०२०च्या आवृत्तीत अख्खी पृथ्वी एकास एक मापाने आहे: ३७ हजार विमानतळ, १५० कोटी इमारती, असंख्य झाडं. त्यामागची माहिती दोन पेटाबाइटहून जास्त आहे. ती आपल्या घरात मावत नाही, म्हणून उडू तिथला तुकडा इंटरनेटवरून येत राहतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सगळी उतरवायची म्हटली तर रात्रंदिवस पाच वर्षं. १९८२ मध्ये हाच गेम आयबीएम पीसीवर पहिल्यांदा आला, तेव्हा त्या पीसीची फ्लॉपी १६० किलोबाइटची होती. तशा फ्लॉप्या आज १,२५० कोटी लागतील.

या गेममधल्या बहुतेक इमारती कोणी हाताने बसवलेल्या नाहीत. उपग्रहाची छायाचित्रं आणि खुल्या नकाशांवरून संगणकाने त्या उभ्या केल्या. मेलबर्नच्या फॉकनर उपनगरातल्या एका दुमजली घरापुढे नकाशात कोणीतरी २ ऐवजी २१२ मजले लिहिले होते. नकाशातली चूक पुढे सुधारली गेली, पण गेमने घेतलेली नक्कल जुनी होती. कौलारू घरांच्या वस्तीत २१२ मजल्यांचा एक सुळका आकाशात उभा राहिला. बुर्ज खलिफाला मजले १६३ आहेत. जगभरातून लोक विमानं घेऊन तो बघायला गेले. एका आकड्याच्या चुकीने केवढी इमारत उभी राहते, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

जागा आखडली नाही, तर वेळही न आखडता खेळता येतं का? पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगार जोडीने १९९५च्या सुमारास ‘डेझर्ट बस’ करून ते दाखवलं. ॲरिझोनातलं टुसॉन ते लास व्हेगास, ३६० मैल, बसचा कमाल वेग ताशी ४५ मैल. आठ तास. थांबवता येत नाही. बसमध्ये प्रवासी नाहीत, रस्त्यावर दुसरी गाडी नाही, आणि बस सतत किंचित उजवीकडे ओढते, म्हणून स्टेअरिंगवरचा हात काढता येत नाही. रस्ता सुटला तर टोचन लावून बस परत टुसॉनला, तीही खऱ्या वेळेत. पोहोचलात तर एक गुण.

प्रकाशक बुडाल्याने हा गेम तेव्हा बाजारात आलाच नाही. पण २००७ पासून कॅनडातली एक विनोदवीरांची मंडळी तो दरवर्षी आळीपाळीने खेळते आणि रुग्णालयांतल्या मुलांच्या खेळण्यांसाठी देणग्या गोळा करते. पहिला तास एक डॉलरला, पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा ७ टक्के महाग. पैसे येतील तोवर बस थांबत नाही. हिशेब करून पाहा. पहिल्या अख्ख्या दिवसाचे होतात ५८ डॉलर. चार दिवस संपले तरी साडेनऊ हजारही नाहीत. पहिल्या वर्षी २२,८०५ डॉलर जमले, म्हणजे साडेचार दिवस. २०२० मध्ये आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. या हिशेबाने तिथवर जायला १६५ तास लागतात, आणि त्यातल्या शेवटच्या एका तासाची किंमत येते सुमारे ६६ हजार डॉलर. पहिल्या एका डॉलरच्या तासात बस ७२ किलोमीटर जाते, या ६६ हजारांच्या तासातही ७२च. सगळे १६५ तास एकही चूक न करता चालवली, तर वाळवंटातल्या २० फेऱ्या पुऱ्या होतात आणि पडद्यावर गुण दिसतात २०. एकविसाव्या फेरीचे तीन तास तेव्हा उरलेले असतात.