पदकाआधीची मदत कुठे मिळते?

सालेकसा किंवा देवरीच्या आश्रमशाळेतल्या धावपटूला मोठी रक्कम मिळते ती नाव झाल्यावर. 'खेलो इंडिया'त निवड झाली, तर खेळाडूच्या खात्यात दरमहा 10,000 रुपये हातखर्च जमा होतो. प्रशिक्षण, निवास आणि आहाराचा खर्च वेगळा, तो केंद्र उचलते. राष्ट्रीय शालेय स्पर्धेत चमकणाऱ्यांना राज्य सरकारही क्रीडा शिष्यवृत्ती देते. पण बूट, खुराक आणि प्रवासभाडे लागते ते त्याच्या कितीतरी आधी, आणि नेमक्या त्याच वर्षांत बरीच गुणी मुले मैदान सोडतात.

म्हणूनच क्रीडा प्रबोधिनीची चाचणी चुकवू नये. तिथे निवड झालेल्या मुलामुलींचे राहणे, जेवण, शिक्षण आणि सराव सरकारी खर्चाने होतो. विदर्भात अमरावतीची तिरंदाजी आणि अकोल्याची बॉक्सिंग नावाजलेली आहे. चाचण्यांच्या तारखा गोंदियाच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कळतात. आश्रमशाळेच्या मुलांनी देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही चौकशी करावी.

दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. या दोन्हींसाठी स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र लागते. ते शाळेच्या कपाटात राहू देऊ नका, स्पर्धा संपताच घरी आणा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, तेही त्याच दिवशी पाहा.