पाण्याचा जिना

नाव डोंगर चढते असे कोणी सांगितले, तर आपण ती अतिशयोक्ती समजू. तथापि इंग्लंडमधील डिव्हायझिस गावाजवळ, केनेट अँड एव्हन कालव्यावर हे दृश्य नित्याचे आहे. तेथे सुमारे ३ किलोमीटरच्या अंतरात २९ लॉक असून बोट त्यांतून ७२ मीटर उंची गाठते.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला मोठा हौद. बोट खालच्या दरवाजाने आत आली की तो मिटावयाचा. मग प्रवाशानेच हँडल फिरवून वरच्या बाजूची झडप उघडावयाची. हौद भरत जातो, तशी बोट वर उचलली जाते. पाणी समपातळीस आले की दरवाजाचा लांब दांडा पाठीने रेटावयाचा. येथे उतावळेपणा निरुपयोगी. पातळी जुळेपर्यंत पाण्याचा दाब दरवाजा हलू देत नाही. सारी चढण चढण्यास पाच-सहा तास लागतात.

मधले १६ लॉक टेकडीवर एका सरळ रेषेत आहेत. दोन लॉकमधील अंतर अपुरे, म्हणून अभियंता जॉन रेनी यांनी पाणी साठविण्यासाठी बाजूस तळी काढली. वरून येणारी प्रत्येक खेप हौदभर पाणी खाली सोडते. १९९६ पासून पंप ते पुन्हा माथ्यावर चढवितात.

सुमारे १४० किलोमीटरचा हा जलमार्ग १८१० मध्ये पूर्ण झाला, तो मालवाहतुकीसाठी. पुढे रेल्वे आली आणि १८५२ मध्ये कालवा रेल्वे कंपनीच्याच ताब्यात गेला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या मालमत्तेचे जे होते, तेच झाले. देखभाल घटली, गाळ साचला, दरवाजे कुजले. १९५० च्या सुमारास सलग प्रवास अशक्य झाला.

या वेळी जॉन गूल्ड नावाचा, याच कालव्यावर व्यवसाय करणारा व्यापारी पुढे आला. कालवा वाहता ठेवणे हे सरकारी वाहतूक आयोगाचे कर्तव्य होते; ते न पाळल्याने आपला धंदा बुडाला, अशी फिर्याद त्याने केली आणि नुकसानभरपाई मिळविली. १९५६ मध्ये वीस हजारांहून अधिक नागरिकांच्या सह्यांचा अर्ज राणीकडे गेला. तो ब्रिस्टलहून लंडनपर्यंत जलमार्गानेच नेण्यात आला. पुढील तीन दशके स्वयंसेवकांनी गाळ उपसला, निधी जमविला. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला.

पूर्वजांनी उभारलेली मालमत्ता ताळेबंदात दिसते. तिची वार्षिक डागडुजी मात्र खर्चाच्या बाजूस पडते आणि प्रथम तीच छाटली जाते. पेढी असो वा धर्मशाळा, त्या एका रकमेवर हात आखडता घेण्यापूर्वी हा कालवा आठवावा.