झुलत्या कपाटातले बिंबाणू

रक्तपेढीच्या एका कोपऱ्यात काचेच्या दाराचं कपाट असतं. त्यातले ट्रे रात्रंदिवस इकडून तिकडे झुलत राहतात, आणि ट्रेवर पडलेल्या फिकट पिवळ्या पिशव्याही त्यांच्यासोबत. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये महिनाभर निवांत राहतात. प्लेटलेटचे नखरे वेगळे. थंडी लागली की त्यांचा आकार बदलतो, आणि अशा प्लेटलेट रुग्णाला दिल्या तर त्याचं यकृत त्या भराभर गिळून टाकतं. म्हणून २० ते २४ अंश तापमान, सतत झोका, आणि मुदत सहसा पाच दिवस. झोका लाडासाठी नव्हे. पिशवीच्या प्लास्टिकमधून प्राणवायू सगळीकडे पोचावा आणि गोळे होऊ नयेत, एवढ्यासाठी.

मराठी शास्त्रीय लेखनात यांना ‘बिंबाणू’ असा देखणा शब्द आहे, पण दवाखान्यात तो कुणी उच्चारत नाही. खरं तर ही धड पेशीही नव्हे. अस्थिमज्जेतल्या अवाढव्य पेशींचा हा तुकडा. आत केंद्रक नाही, व्यास दोन-तीन मायक्रोमीटर. शरीर रोज सुमारे १० हजार कोटी तुकडे पाडतं. ते सात ते दहा दिवस जगतात, आणि बहुतेकांच्या वाट्याला एकही जखम न येता त्यांचा कारभार आटोपतो.

इतकी क्षुल्लक दिसणारी वस्तू बराच काळ कचरा म्हणून दुर्लक्षित राहिली, यात नवल नाही. तिला स्वतंत्र ओळख दिली ती इटलीतल्या तुरिनच्या जूलिओ बित्झोझेरो यांनी, १८८१-८२ च्या सुमारास. जिवंत गिनिपिगच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी पाहिलं, की वाहिनीला इजा झाली की हेच कण आधी तिथे चिकटतात. मौज अशी, की मज्जेतल्या त्या अवाढव्य पेशीही त्यांनी आधीच पाहिल्या होत्या, पण दोहोंचं नातं त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते जुळवलं बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी, १९०६ मध्ये.

विळीवर बोट कापतं तेव्हा काय होतं? वाहिनी आधी आकसते. तिच्या भिंतीमागचं कोलॅजन उघडं पडतं आणि त्यावर रक्तातलं एक लांबलचक प्रथिन दोरासारखं पसरतं. वाहत्या प्लेटलेट त्या दोराला अडकतात. इथे तांबड्या पेशींची मदत होते, आणि ती सहसा कुणी सांगत नाही: त्या प्रवाहाच्या मधोमध धावतात आणि प्लेटलेटना कडेला रेटतात, भरल्या लोकलमध्ये सडपातळ माणूस दाराशी ढकलला जावा तसं. तीव्र रक्तक्षयात रक्त थांबायला वेळ लागतो, त्याचं हे एक कारण.

अडकलेली चपटी प्लेटलेट क्षणात काटेरी होते, पोटातली रसायनं ओतते आणि बाकीच्यांना हाका मारते. त्या ढिगावर फायब्रिनचे धागे विणले जातात. मग प्लेटलेट ते धागे स्नायूंसारखे आत खेचतात आणि गुठळी आवळते. इतकी, की आत सापडलेल्या तांबड्या पेशी दाबून बहुकोनी होतात, फरशीसारख्या एकमेकींना चिकटून. हे फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं.

केंद्रक नसल्याची किंमतही आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक विकर कायमचं बंद पाडतं, आणि नवं बनवायची सोय तिच्यात नाही. ती उरलेलं आयुष्य तशीच काढते. काही शस्त्रक्रियांच्या आठवडाभर आधी डॉक्टर ही गोळी थांबवायला सांगतात ते यामुळे. (मनानं मात्र थांबवू नये.)

आपल्याकडे प्लेटलेट घरोघरी पोचली ती डेंग्यूमुळे. पावसाळा सरता सरता व्हॉट्सॲपवर ‘अर्जंट एसडीपी हवी’ (म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट) असे निरोप फिरतात, पपईच्या पानांचा रस निघतो, आणि नातेवाईक रोजचा आकडा शेअर बाजारासारखा पाहत बसतात. निरोगी माणसात घन मिलिमीटरला दीड ते साडेचार लाख. पण डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बऱ्याचदा वाहिन्यांतून रक्तद्रव झिरपल्यानं. रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांखाली जाईपर्यंत डॉक्टर सहसा पिशवी लावत नाहीत. हे घाबरलेल्या घराला पटवणं अवघड.

रक्त थांबलं तरी प्लेटलेटचं काम उरतंच. तिनं सोडलेल्या वाढीच्या घटकांमागोमाग काही तासांत पांढऱ्या पेशी येऊन जंतू खातात. दोन-तीन दिवसांत मोठ्या भक्षक पेशी मलबा उचलतात आणि दुरुस्तीवाल्यांना बोलावतात. खपलीखाली नवी कातडी कडांकडून सरकत येते. ‘खपली ओढू नकोस’ हे आजीचं ओरडणं त्या सरकण्यासाठीच. नव्या कोलॅजनला जुन्या कातडीची पूर्ण ताकद कधीच येत नाही, फार तर ८० टक्के.

माझ्या गुडघ्यावर सातवीतल्या सायकलचा व्रण अजून आहे. ती जखम बुजवायला धावलेल्या प्लेटलेटपैकी त्या महिनाअखेरीस एकही उरली नव्हती.