‘कँडंट’ आणि ‘चंद्र’ : एका तेजोवाचक शब्दाची व्युत्पत्ती

प्रस्तावना :
इंग्रजीतील ‘कँडंट’ हे विशेषण आज क्वचितच आढळते. ‘तापून शुभ्र तेजाने झळकणारा’ हा त्याचा अर्थ. त्याच कुळातील ‘इन्कँडेसंट’ हा शब्द मात्र विजेच्या दिव्यामुळे परिचित झाला. प्रस्तुत लेखात ‘कँडंट’चा अर्थ व मूळ पाहून त्याचे ‘चंद्र’ या शब्दाशी असलेले नाते तपासले आहे.

अर्थविस्तार :
‘कँडंट’ हा शब्द लॅटिन ‘कांदेरे’ (शुभ्र असणे, झळकणे) या क्रियापदापासून आला. ‘कँडल’ आणि प्रकाशतीव्रतेचे एकक ‘कँडेला’ यांचे मूळही तेच. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा मनुष्य खडूने शुभ्र केलेला झगा परिधान करी. म्हणून तो ‘कांदिदातुस’ आणि त्यावरून इंग्रजी ‘कँडिडेट’.

संस्कृतमधील पुरावा :
ऋग्वेदात ‘चन्द्र’ हे ‘तेजस्वी’ या अर्थाचे विशेषण आहे. नवव्या मंडलात सोमाला ‘हरिश्चन्द्र’, म्हणजे सुवर्णकांतीचा, म्हटले आहे. येथे मूळ शब्द ‘हरि’ असा विसर्गरहित आहे. मग मधला ‘श्’ कोठून आला? पाणिनीने अशा रूपांसाठी ‘सुट्’ हा आगम सांगितला (६.१.१५१ व ६.१.१५३). तौलनिक भाषाशास्त्राच्या मते हा ‘श्’ नव्याने आलेला नसून, मूळ धातूच्या आरंभी असलेल्या ‘स्’चा अवशेष आहे. लॅटिनमध्ये तो ‘स्’ उरला नाही. मूळ ‘क’ लॅटिनमध्ये टिकला, तर संस्कृतमध्ये त्याचा ‘च’ झाला.

साम्य : नाते की उसनवारी?
सोलापुरात सात रस्ता परिसरात उभे राहिले तरी मराठीबरोबर कन्नड व तेलुगू कानी पडते. कन्नड ‘चंद्र’ आणि तेलुगू ‘चंद्रुडु’ हे शब्द मराठी ‘चंद्रा’शी जुळतात, परंतु ते साम्य संस्कृतमधून झालेल्या उसनवारीचे आहे, कन्नडचा स्वतःचा शब्द ‘तिंगळु’. याउलट ‘कांदेरे’ व ‘चन्द्र’ यांचे साम्य समान पूर्वज भाषेमुळे आहे. इंग्रजीने मात्र ‘कँडंट’ लॅटिनकडून उसना घेतला आहे.

निष्कर्ष :
‘कँडंट’ संस्कृतमधून निघालेला नाही आणि ‘चंद्र’ लॅटिनमधून आलेला नाही. दोहोंचे मूळ एक आहे. केवळ उच्चारसाम्यावरून ‘सर्व शब्द संस्कृतोद्भव’ असे वर्गात सांगणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते. नियमित ध्वनिपरिवर्तन आणि ‘हरिश्चन्द्र’मधील ‘श्’सारखे अवशेष हाच व्युत्पत्तीचा विश्वसनीय आधार होय.